आधी खोली, शेवटी संगणक

रायपुरात गाण्याबजावण्याची आवड असलेल्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम संपते, पेटी मिटली जाते, चहा येतो आणि कुणीतरी विचारतं, "घरीच रेकॉर्डिंग करायचं म्हणतोय, लॅपटॉप कोणता घेऊ?" विचारणारा कधी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो, कधी नुकत्याच निवृत्त झालेल्या आणि आता नाट्यगीतांना वेळ देऊ शकणाऱ्या काकू, तर कधी भजनी मंडळातला तबलजी. मग प्रोसेसर आणि रॅमची चर्चा रंगते आणि तासाभरानं सगळे उठतात. ज्या खोलीत गायचं आहे तिचा विषय मात्र कुणी काढत नाही.

मीही याच क्रमानं गेलो होतो. आईच्या तोंडून तिच्या माहेरची भजनं आणि ओव्या टिपून ठेवायच्या होत्या. हातातले बहुतेक पैसे लॅपटॉपवर गेले, उरलेल्यात एक कंडेन्सर माइक आला. एप्रिलचा महिना, खिडकीत कूलर, डोक्यावर पंखा. आईला उकडू नये म्हणून दोन्ही चालू ठेवले. नंतर ऐकलं तेव्हा तिच्या आवाजामागे कूलरची घरघर शेवटपर्यंत होती, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरनं ती काढू पाहिली की आईचा आवाजही पातळ व्हायचा. त्याच वर्षी डिसेंबरात, सकाळी सहा वाजता, गाद्या-गोधड्या रचून ठेवलेल्या कोठीच्या खोलीत तिच्या दोन ओव्या मी सहज फोनवर टिपल्या. आज घरात ऐकल्या जातात त्या या दोन. सामान तेव्हाही माझ्याजवळच होतं, पण कामाला आली ती वेळ आणि जागा. या लेखाचं म्हणणं या अनुभवातून आलेलं आहे : घरातल्या स्टुडिओची खरेदी आवाज जिथे जन्मतो तिथून सुरू करावी आणि संगणकाशी संपवावी.

गाणं बाहेरगावी जायचं ते दिवस

घरातला स्टुडिओ ही कल्पना आजची वाटते, पण भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण साध्या खोलीतच सुरू झालं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि 1902 च्या नोव्हेंबरात हॉटेलच्या खोल्यांत तात्पुरती सोय करून त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. वीज नव्हती, माइक नव्हता. गायिकेनं कर्ण्यासमोर कुठे आणि किती अंतरावर उभं राहायचं, हाच त्या काळचा तंत्रज्ञानाचा गाभा होता. तीन मिनिटांच्या तबकडीसाठी माणूस आणि जागा नेमकी बसवावी लागे.

इकडे छत्तीसगडशी मराठी माणसाचं नातं भोसल्यांच्या काळापासूनचं. बिंबाजी भोसले 1758 ते 1787 रतनपूरहून इथला कारभार पाहत होते. रायपुरातल्या तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांतून मराठी घरं रुजली आणि 1935 मध्ये महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. गाणं, नाटक, कीर्तन यांची हौस पिढ्यान्‌पिढ्या होती, पण आवाज टिपून ठेवायची सोय गावात नव्हती. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झालं तेव्हा नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. रायपूरचं केंद्र 2 ऑक्टोबर 1963 ला आलं. दरम्यान 1956 मध्ये खैरागडला राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात पंडित श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. म्हणजे शिकवणारे होते, गाणारे होते, पण 1965 मध्ये 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगडी चित्रपट झाला तेव्हा त्याची गाणी मुंबईतच मुद्रित झाली आणि मोहम्मद रफींनी छत्तीसगडीत गायली ती तिथेच.

पुढे तीन गोष्टींनी चित्र पालटलं. 1983 मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलू लागतील अशी मिडी ही सामायिक भाषा ठरली. 1992 मध्ये ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराच्या आवारातल्या छोट्या स्टुडिओतून 'रोजा'चं संगीत दिलं आणि घरगुती जागेतून काय निघू शकतं ते देशानं ऐकलं. मग संगणक इतका वेगवान झाला की टेप, मिक्सर आणि निम्मी यंत्रसामग्री त्याच्या पोटात गेली. 2020 मध्ये अमेरिकेत 'वर्षातील सर्वोत्तम अल्बम'चं ग्रॅमी पारितोषिक बिली आयलिशच्या ज्या अल्बमला मिळालं, तो मुख्यतः तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत घडला होता.

या प्रवासात एक माणूस मात्र गळाला, तो म्हणजे रेकॉर्डिस्ट. आकाशवाणीच्या स्टुडिओत गायकाला माइकपासून हातभर मागे सरकवणारा, तबल्याला अर्धं वळण द्यायला सांगणारा, पंखा बंद करवणारा माणूस असायचा. आज त्याचं सामान आपल्या टेबलावर आलं, त्याचा कान आला नाही. खरेदीचा विचार करताना हे आधी मान्य करायला हवं.

खोली : सगळ्यात मोठं वाद्य

खोलीच्या दोन गोष्टी पाहायच्या असतात आणि त्या वारंवार एकमेकींत मिसळल्या जातात. पहिली, बाहेरचा आवाज आत येऊ न देणं. दुसरी, आतला आवाज भिंतींवर आपटून गोंधळ करू न देणं.

पहिलीचा उपाय वजनात आणि हवाबंदपणात आहे. जाड भिंत, भरीव दार, दाराच्या फटीला रबरी पट्टी, खिडकीला दुहेरी काच. फोमच्या पातळ पट्ट्या चिकटवून रस्त्यावरून जाणाऱ्या धुमाल बँडचा आवाज थांबत नाही. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांत निरुपयोगी. भाड्याच्या किंवा फ्लॅटमधल्या घरात भिंती बदलता येत नाहीत, तेव्हा रस्त्यापासून सर्वांत लांबची, शक्यतो दोन भिंती घराच्या आतच असलेली खोली निवडावी. नाहीतर वेळ बदलावी. लग्नसराई आणि गणपतीच्या झाँकीचे दिवस सोडून, पहाटे किंवा रात्री अकरानंतर काम करणं हा सर्वांत स्वस्त साउंडप्रूफिंगचा मार्ग आहे.

दुसरीचं गणित सोपं आहे. 10 फूट रुंद, 12 फूट लांब आणि 10 फूट उंच अशी खोली आपल्याकडे सर्रास असते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीची येजा होऊन काही स्वर फुगतात. त्यातला सर्वांत खालचा स्वर 10 फुटांसाठी साधारण 56 हर्ट्झ, 12 फुटांसाठी 47 हर्ट्झ, आणि पुढे त्यांच्या दुप्पट-तिप्पट. रुंदी आणि उंची दोन्ही 10 फूट असल्यामुळे 56 आणि 112 हर्ट्झला दुहेरी फुगवटा येतो. डग्ग्याचा घुमार आणि पुरुषी आवाजाचा खर्ज याच परिसरात वावरतो. म्हणून अशा खोलीत डग्गा कधी गडगडल्यासारखा, तर दोन पावलं सरकल्यावर पोकळ वाटतो. चौकोनी ठोकळ्यासारखी, तिन्ही मापं सारखी असलेली खोली टाळता आली तर जरूर टाळावी.

उपाय महाग नाहीत. लाकडी चौकटीत 4 इंच जाडीची रॉकवूल भरून, वर सुती कापड ताणून पॅनेल करता येतात. भट्ट्या आणि बॉयलरच्या इन्सुलेशनला वापरतात तीच ही रॉकवूल. औद्योगिक इन्सुलेशनच्या दुकानात विचारावी आणि हाताळताना हातमोजे, मास्क वापरावा. पॅनेल भिंतीला चिकटवण्याऐवजी चार बोटं पुढे ठेवलं की ते खालच्या स्वरांवरही थोडं काम करतं. सुरुवात कोपऱ्यांपासून करावी. बाजूच्या भिंतींवर कुठे लावायचं ते आरशानं ठरतं : आपण ऐकायच्या जागी बसावं, दुसऱ्यानं भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा, आणि जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. तोवर घरातल्या गोधड्या, पुस्तकांची कपाटं आणि जाड पडदे मधल्या आणि वरच्या स्वरांची काळजी बऱ्यापैकी घेतात.

वीज, ऊन, धूळ, पाऊस

कॅटलॉगमध्ये न दिसणारा पण रायपुरात निर्णायक ठरणारा भाग हा आहे. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरती असते आणि रेकॉर्डिंगमध्ये 50 हर्ट्झचा सलग 'हूं' येतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्यावा. तो एकदोन व्होल्टच्या वर असेल तर माइक घेण्याआधी अर्थिंग दुरुस्त करावी. संगणक, माइक त्याला जोडणारा इंटरफेस आणि स्पीकर एकाच पॉइंटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर जोडले की हा त्रास बराच कमी होतो. लॅपटॉपच्या चार्जरमुळे गुणगुण येत असेल तर मुद्रणापुरता तो बॅटरीवर चालवावा. स्क्वेअर वेव्हच्या घरगुती इन्व्हर्टरवर स्टुडिओ चालवू नये. प्युअर साइन वेव्हचाच हवा. मेअखेरच्या वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात इथे विजा जोरदार पडतात, तेव्हा काम झाल्यावर सगळे प्लग हातानं काढून ठेवायची सवय लावावी.

उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांना टेकतो आणि कूलर माइकचा शत्रू होतो. स्प्लिट एसी असेल तर खोली आधी गार करून घ्यावी, प्रत्यक्ष मुद्रणाच्या, म्हणजे टेकच्या वेळी एसी बंद करावा, दोन टेकच्या मध्ये पुन्हा लावावा. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ गच्चीवर हात फिरवला तरी कळते. तीच माइकच्या पडद्यावर बसते. वापर झाला की कंडेन्सर माइक पेटीत ठेवावा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कंडेन्सर माइक कुरकुरतो आणि तबल्याची पुडीही उतरते, हे ध्यानात घेऊन महत्त्वाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बांधावं. इथल्या हवामानानं स्टुडिओसाठी चार उत्तम महिने दिले आहेत.

माइक : अंतर आणि दिशा

बाजारात 'स्टुडिओ' शब्द आला की कंडेन्सर माइक पुढे केला जातो. तो संवेदनशील असतो, आवाजातलं बारीक काम टिपतो, त्याला इंटरफेसमधून 48 व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. पण शेजारच्या प्रेशर कुकरची शिटीही तो तितक्याच निष्ठेनं टिपतो. शांत, थोडीफार सजवलेली खोली असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी2020 किंवा रोडचा एनटी1 यांसारखा कंडेन्सर आवाजाला सुंदर न्याय देतो. रस्त्यालगतच्या घरात मात्र कमी संवेदनशील असा डायनॅमिक माइक शहाणपणाचा. शुअरचे एसएम57 आणि एसएम58 अनुक्रमे 1965 आणि 1966 पासून आजवर टिकून आहेत. पडले-झडले तरी चालतात आणि विकायचे झाले तरी गिऱ्हाईक मिळतं. त्याच कंपनीचा एसएम7बी पॉडकास्टमुळे गाजला, पण त्याला खूप गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागते आणि साध्या इंटरफेसचा प्रीअँप, म्हणजे ती वाढ देणारा भाग, तसं करताना फुसफुसू शकतो, हे घेण्यापूर्वी तपासावं.

माइकच्या नावापेक्षा त्याचं अंतर जास्त काम करतं. माइक 30 सेंटिमीटरवरून 15 वर आणला की गायकाचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा आणि बाहेरचा कलकलाट मात्र तेवढाच राहतो. जवळ आल्यानं खर्ज फुगतो आणि प, फ, भ यांचे फुंकारे बसतात. त्यासाठी पॉप फिल्टर आणि माइक तोंडाच्या रेषेपासून किंचित बाजूला. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूनं सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे असावी.

आपल्या वाद्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पेटीला माइक वरून, सुरांच्या मध्यावर, हातभर उंचीवर. मागून लावला तर भात्याचा श्वास मोठा होतो. तबल्याला एकच माइक असेल तर तो दोन्हींच्या मध्ये समोरून, किंचित वर; दोन असतील तर एक चाटेच्या दिशेनं आणि एक डग्ग्यावर. इलेक्ट्रॉनिक तानपुरा 1979 च्या सुमारास बेंगळुरूच्या राडेलनं आणला तेव्हापासून घरोघरी आहे. त्याच्या छोट्या स्पीकरसमोर माइक धरण्यापेक्षा त्याची लाइन थेट इंटरफेसमध्ये घ्यावी आणि गायकाला हेडफोनमधून द्यावी, म्हणजे गळ्याच्या ट्रॅकवर तानपुरा सांडत नाही.

रायपुरात राहून केवळ मराठी वाद्यांचाच विचार करणंही अपुरं आहे. मांदर, चिकारा, बांस, पंडवानी या लोकगायनातला तंबूरा आणि खडताल वाजवणारे कलावंत इथे हाकेच्या अंतरावर आहेत. मोहरीसारखं प्रखर वाद्य लहान खोलीत मीटरभर दूर, डायनॅमिक माइकवर घ्यावं. मांदराला दोन्ही तोंडांशी माइक हवा. या वाद्यांचे तयार नमुने संगणकात शोधण्यापेक्षा वादकाला घरी बोलावून, योग्य मानधन देऊन वाजवून घ्यावं. घरच्या स्टुडिओला या गावानं दिलेलं हे वैभव आहे.

इंटरफेस : उंबरठा

माइकचा विजेचा ठोका आकड्यांत बदलून संगणकात नेणारा आणि परत आणणारा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. फोकसराइटची स्कारलेट मालिका, मोटूचा एम2, ऑडिएंट, बेरिंगर हे इथल्या घरांत दिसणारे पर्याय. आजच्या यंत्रांत आवाजाच्या दर्जाचा फरक पूर्वीइतका उरलेला नाही. निवड तीन प्रश्नांनी करावी.

पहिला, एकाच वेळी किती माइक? एकटा गायक असेल तर दोन पुरे. गळा, पेटी आणि दोन माइकवर तबला असं एकत्र बसून गायचं असेल तर चार माइक-प्रीअँप लागतात. खोक्यावर 'चार इनपुट' लिहिलेलं असतं तेव्हा त्यातले दोनच माइकचे असू शकतात. मागचं पॅनेल पाहून मोजावं. आपलं संगीत नजरेला नजर देऊन, समेवर एकत्र येत घडत आलं आहे. ते एकेक ट्रॅक सुटा मुद्रित केला की नेमकं होतं, पण श्वास हरवतो. जमत असेल तर चार प्रीअँपचा इंटरफेस घ्यावा. पहिल्याच मैफिलीत त्याचं चीज होतं.

दुसरा प्रश्न विलंबाचा. संगणक आवाज लहान तुकड्यांत, म्हणजे बफरमध्ये, हाताळतो. 48 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेनं 5.3 मिलिसेकंद. हवेतून आवाज एक मीटर जायला जवळपास 3 मिलिसेकंद घेतो, म्हणजे आपण पेटीपासून पावणेदोन मीटरवर बसल्यासारखं, ते निभतं. जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त लागतो, आणि बफर 1024 केला की तान घेताना स्वतःचाच आवाज मागून येतो. यावर दोन उपाय : गायकाला इंटरफेसमधूनच थेट ऐकवणारी डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय, आणि विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर. स्टाइनबर्गनं 1997 मध्ये आणलेली ही पद्धत आजही तिथला कणा आहे. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असतो.

तिसरा, आकड्यांचा मोह. 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ गाण्याच्या कामाला पुरेसं आहे. 16 बिटात आवाजाची झेप सुमारे 96 डेसिबलची, 24 बिटात तत्त्वतः 144 ची; याचा खरा फायदा असा की लेव्हल निवांत ठेवता येते. गायकाचे सर्वांत उंच स्वर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवावा, म्हणजे तार सप्तकातली अचानक आलेली फेक फाटत नाही. 192 किलोहर्ट्झमुळे हार्ड डिस्क भरते, गाणं सुधारत नाही. दोन चॅनेलना या दर्जात सेकंदाला जेमतेम 2.3 मेगाबिट लागतात आणि जुनं यूएसबी 2 सुद्धा 480 वाहून नेतं, त्यामुळे थंडरबोल्टसाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण बहुतेक घरांना नाही.

ऐकायचं कशावर

मुद्रणाच्या वेळी बंद पाठीचा हेडफोन लागतो, नाहीतर तानपुरा आणि क्लिक (तालाची टिकटिक) माइकमध्ये शिरतात. 1991 पासून चालत आलेला सोनीचा एमडीआर-7506 किंवा बायरडायनॅमिकचा डीटी 770 हे भरवशाचे. मिक्सिंगला उघड्या पाठीचा, उदाहरणार्थ सेनहायझरचा एचडी 600, अधिक मोकळा ऐकू येतो. स्पीकर घ्यायचे तर 10 बाय 12 च्या खोलीत 5 इंची पुरेत. यामाहाचा एचएस5 साधारण 54 हर्ट्झपर्यंत खाली जातो, आणि त्याखालचं आपली न सजवलेली खोली तसंही धड ऐकू देत नाही. 8 इंची स्पीकर आणले तर खोलीचे दोषच मोठे होतात. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीला यावेत, आणि खोलीच्या लांबीच्या दिशेनं तोंड करून बसावं.

खोली सजवलेली नसेल तर पहिल्या वर्षी स्पीकर घेऊच नयेत. चांगला हेडफोन घेऊन ओळखीची दहा गाणी त्यावर रोज ऐकावीत. रेकॉर्डिस्टचा गेलेला कान परत मिळवायचा रस्ता हाच आहे.

आता संगणक

इथवर आल्यावर संगणकाची निवड सोपी होते, कारण त्यानं काय करायचं ते ठरलेलं असतं. गळा, पेटी, तबला, तानपुरा असे आठ ट्रॅक 24 बिट, 48 किलोहर्ट्झला मुद्रित केले तर पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे 350 मेगाबाइट लागतात. हे काम पाच-सहा वर्षांपूर्वीचा चांगला लॅपटॉपही आरामात करतो. प्रश्न येतो तो कीबोर्डवरून व्हायोलिनचे ताफे, सिंथेसायझर आणि मोठ्या ध्वनिसंग्रहांचं काम करणाऱ्यांना. त्यांना रॅम आणि जागा दोन्ही जास्त हवी.

भजन, भावगीत, नाट्यगीत, कवितावाचन, मुलाखती यांसाठी 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी आणि अलीकडच्या पिढीतला मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरे. वाद्यवृंद रचणाऱ्यांनी 32 जीबी आणि 1 टीबी धरावं. ग्राफिक्स कार्डाचा या कामाला उपयोग नगण्य. गेमिंग लॅपटॉपचे पंखे मात्र माइकला स्पष्ट ऐकू येतात. 2020 च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलनं एम1 चिपचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय आणला, आणि एका खोलीत गाणं व संगणक दोन्ही मांडणाऱ्यांसाठी ही शांतता फार मोलाची ठरली. पण अशा यंत्रांत रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा. डेस्कटॉप घेणाऱ्यांनी तो दाराबाहेर ठेवावा. यूएसबी 2 ची केबल 5 मीटरपर्यंत नेता येते. लॅपटॉपला वीज गेली तरी टेक वाचवणारी बॅटरी असते, हाही हिशोबातला मुद्दा.

विंडोज लॅपटॉपची कागदावरची ताकद आणि प्रत्यक्ष ध्वनिकाम यांत फरक पडू शकतो. वाय-फाय किंवा पॉवर मॅनेजमेंटचा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवतो आणि मुद्रणात टिचक्या पडतात. लेटन्सीमॉन हे मोफत साधन दहा मिनिटं चालवून ते तपासता येतं. दुकानदार परवानगी देत असेल तर खरेदीपूर्वीच. जुना संगणक घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 साठी साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो.

सॉफ्टवेअरवर वाद घालण्यात वर्षं घालवू नयेत. क्यूबेस, लॉजिक, एबलटन, एफएल स्टुडिओ, स्टुडिओ वन सगळी समर्थ आहेत. रीपर 60 दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि व्यक्तिगत परवाना 60 डॉलरचा आहे. मॅकवर गॅरेजबँड मोफत मिळतं. मुक्त सॉफ्टवेअर हवं असेल तर आर्डर आहे, नुसतं टिपून कापायचं असेल तर ऑडॅसिटी. चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नये. संगीतकारानं दुसऱ्याच्या कष्टाचा मान राखायला हवा, आणि त्यासोबत येणारा व्हायरस एका रात्रीत सगळे टेक नेऊ शकतो. जे साधन शिकवणारं माणूस जवळपास आहे ते घ्यावं.

दोन सवयी सॉफ्टवेअरपेक्षा मोठ्या. पेटीचा सूर वाजवताना बदलता येत नाही आणि ती नेमकी 440 हर्ट्झवर असेलच असं नाही. म्हणून कीबोर्डचे ट्रॅक जोडण्याआधी ट्यूनरवर पेटी मोजावी आणि सॉफ्टवेअर तिला जुळवून घ्यावं. आणि प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती : एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, मग ती ऑनलाइन असो की बहिणीच्या घरी नागपुरात.

पैशांची वाटणी

सुरुवात करणाऱ्यानं आधी घरात आहे तोच संगणक वापरावा. मग शंभर रुपयांतले तीस खोली आणि विजेवर, तीस माइक, स्टँड व केबलवर, पंचवीस इंटरफेसवर आणि पंधरा हेडफोनवर खर्चावेत. वर्षभर त्यावर काम करावं. संगणक अडवू लागला, म्हणजे ट्रॅक उघडताना थांबू लागला, तर तो बदलावा. तेव्हा काय हवं ते नेमकं माहीत असतं. ज्यांच्या हाती फक्त फोन आहे त्यांनीही थांबू नये. आवाज न दाबता वेव्ह फाइलमध्ये टिपणारं अ‍ॅप, गोधड्यांची खोली आणि पहाट एवढ्यावर सुरुवात होते.

रायपुरात माइक-इंटरफेसची दुकानं मोजकी आहेत, त्यामुळे खरेदी मुंबईहून किंवा ऑनलाइन होते. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं जीएसटी बिल आणि वॉरंटी यांशिवाय वस्तू घेऊ नये. दुरुस्तीला खोकं पाठवायची वेळ आली की तेव्हाचे वाचवलेले पैसे महाग पडतात. जुनं घ्यायचं तर डायनॅमिक माइक, स्टँड, हेडफोन निर्धास्त घ्यावेत. कंडेन्सर माइक आणि स्पीकर ऐकल्याशिवाय घेऊ नयेत.

महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी तर एक खोली सगळ्यांसाठी सजवावी, चार प्रीअँपचा इंटरफेस आणि चार माइक ठेवावेत, असं मला फार वाटतं. दहा घरांनी दहा अर्धवट स्टुडिओ उभारण्यापेक्षा त्या एका खोलीतून पिढीची गाणी वाचतील. इथल्या मराठी घरांत अजून अशा आज्या आहेत ज्यांना छत्तीसगडीचे शब्द मिसळलेल्या ओव्या येतात आणि असे आजोबा आहेत ज्यांना जुन्या नाटकांतली पदं चालीसकट पाठ आहेत. हे रायपूरचं मराठी गाणं दुसरीकडे कुठे नाही, आणि ते गाणारी माणसं नवा लॅपटॉप येईपर्यंत थांबतीलच असं नाही.

म्हणून आज रात्री एवढंच करून पाहा. जी खोली मनात आहे तिथे दिवा मालवून दहा मिनिटं बसा आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज वहीत लिहा : फ्रिज, शेजारचा टीव्ही, रेल्वेची शिटी, पंख्याची टकटक. तीच खरेदीची पहिली यादी. तिच्यातली एकेक ओळ खोडत जा. मग घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला तिथे बसवा आणि म्हणा, "आजी, ते तुझं पहाटेचं म्हण ना एकदा."